कापडाचें घर : तंबूची निवड आणि निगा

घर म्हटलें म्हणजे दगड, विटा, चुना आणि लांकूड यांचीच आठवण माणसाला प्रथम होते. परंतु इतिहासांत असेहि काळ होऊन गेले आहेत कीं, राजापासून हुजऱ्यापर्यंत सर्वांच्या डोक्यावरचें छप्पर महिनेच्या महिने कापडाचेंच असे. राजधानी चालूं लागे आणि तिच्याबरोबर तिचीं घरेंहि हत्ती-उंटांच्या पाठीवर बसून चालूं लागत. ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत अबुल फजलनें बादशाही मुक्कामाचें जें वर्णन केलें आहे, त्यांत या सामानाच्या वाहतुकीसाठीं १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत असें नमूद आहे. ‘बारगाह’ नांवाचा मोठा दरबारी तंबू उभा करण्यास एक हजार फरासांना आठवडा लागे. त्याच ग्रंथांतील तंबूंच्या यादींत ‘रावटी’ हें नांव आढळतें. मराठींतील ‘राहुटी’ ती हीच.

मराठी मुलुखाला हें कापडी घर कधींच परकें नव्हतें. राहुटी, डेरा, पाल, शामियाना, कनात हे शब्द मराठी भाषेंत रुळलेले आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे. शामियान्याला नुसतें छत असतें. कनात म्हणजे उभी कापडी भिंत. पाल म्हणजे आडव्या लांकडावरून दोहों बाजूंनीं उतरतें सोडलेलें साधें कापड. तंबूचा दोर तो तणावा, तो जिला बांधावयाचा ती मेख, आणि मेख ठोकण्याचा लांकडी हातोडा तो मेखचू. १८०९ सालीं दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर हिंडणाऱ्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्यानें छावणींतून लिहिलेलीं पत्रें १८१३ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. तीं वाचतांना बाजारपेठेसह चालणारें एक कापडी शहरच डोळ्यांपुढें उभें राहतें.

पुढें इंग्रजी अमदानींत जिल्ह्याचा कलेक्टर हिंवाळ्यांत तंबू घेऊन दौऱ्यावर निघे. त्या काळीं लष्करांत तंबूंचीं नांवें त्यांच्या वजनावरून पडलीं होतीं : ४० पौंडी, ८० पौंडी, १८० पौंडी, म्हणजे सुमारें १८, ३६ आणि ८२ किलोग्रॅम. नांवांतच वजन सांगण्याची ही चाल शहाणपणाची होती. कारण तंबू घेण्यापूर्वीं तो कोण वाहून नेणार, हाच पहिला प्रश्न असतो. १९३८ मध्यें नायलॉनची घोषणा झाली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम धाग्यांचे हलके तंबू हळूहळू सर्वत्र पसरले. पाठीवर सामान घेऊन गड चढणाऱ्यानें आज तेच घ्यावे. कॅनव्हासच्या वाटेस त्यानें जाऊं नये. परंतु ज्या कुटुंबाला मोटारीनें एखाद्या माळावर किंवा तळ्याकांठीं जाऊन तीन-चार दिवस स्वस्थपणें राहावयाचें आहे, त्याला जाड सुती तंबूसारखें सुखाचें घर दुसरें नाहीं. तो उन्हांत नायलॉनइतका तापत नाहीं, वाऱ्यांत कडकड वाजून झोंप मोडत नाहीं, आणि नीट सांभाळला तर एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो. ‘नीट सांभाळला तर’ या तीन शब्दांतच मात्र सारी मेख आहे. हौसेनें घेतलेला तंबू पहिल्याच पावसाळ्यांत माळ्यावर कुजून जावा, असेंहि पुष्कळदां घडतें; आणि तें घडतें तें केवळ या कापडाचा स्वभाव न ओळखल्यामुळें.

कॅनव्हासचा तुकडा उजेडाकडे धरून पाहिला तर त्याच्या धाग्यांमधून प्रकाशाचे सुईच्या टोंकाएवढे ठिपके दिसतात. असल्या सच्छिद्र कापडाखालीं निजलेला मनुष्य पावसांत भिजत कसा नाहीं? मेणकापड पाण्याला आंत शिरूंच देत नाहीं. कॅनव्हास मात्र पाणी पितो आणि पिऊनच त्याला अडवतो. कापसाचा तंतु म्हणजे एक चपटी, पीळ पडलेली, पोकळ नळी असते. ती पाणी शोषते तेव्हां तिची लांबी जवळजवळ तितकीच राहते, परंतु जाडी बरीच वाढते. तंतु फुगला कीं सूत फुगतें, आणि सूत फुगलें कीं उभ्या-आडव्या धाग्यांमधलीं छिद्रें बुजत जातात. जीं अगदीं बारीक फटी उरतात, त्यांच्या तोंडाशीं पाण्याचाच पडदा धरतो, आणि वरून पडणारें पाणी उतरत्या कापडावरून ओघळून जातें. आगगाडीच्या खिडकीबाहेर किंवा मोटारीच्या पुढच्या भागीं टांगलेली कॅनव्हासची पाण्याची पिशवी जुन्या प्रवाशांना चांगली आठवत असेल. ती बाहेरून ओलसर राही, पण गळत नसे, आणि त्या ओलाव्याच्या बाष्पीभवनानें आंतलें पाणी गार होई. दुसऱ्या महायुद्धांत समुद्रांत पडणाऱ्या वैमानिकांसाठीं इंग्लंडमध्यें जे पोशाख तयार झाले, त्यांचें घट्ट विणीचें सुती कापडहि याच तत्त्वावर विणलेलें होतें.

पाणी प्यालेला धागा फुगतो, एवढी एक गोष्ट ध्यानांत धरली म्हणजे तंबूचे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहींत. ते आपोआप सुचतात.

पहिला नियम नव्या तंबूचा. नव्या कॅनव्हासचें सूत अद्याप बसलेलें नसतें, आणि शिवणींत सुईनें पाडलेलीं भोकें उघडींच असतात. म्हणून नवा तंबू घरीं आणल्यावर तो अंगणांत किंवा गच्चीवर उभारावा, सर्वांगानें चिंब भिजवावा आणि पूर्ण वाळूं द्यावा. असें दोन-तीन वेळां केलें म्हणजे धागे फुगून-आकसून आपापल्या जागीं घट्ट बसतात आणि शिवणींचीं भोकें बुजतात. हा संस्कार न करतां जो नवा तंबू घेऊन थेट पावसांत जातो, तो रात्रीं शिवणीखालीं भांडें मांडून बसतो आणि दोष मात्र विकणाऱ्यास देतो.

दुसरा नियम स्पर्शाचा. पाऊस पडत असतांना तंबूच्या आंतल्या बाजूस बोट, डोकें किंवा बिछाना टेकूं देऊं नये. स्पर्श झाला कीं फटींच्या तोंडाशीं धरलेला पाण्याचा पडदा तुटतो आणि त्या जागीं थेंब ठिबकूं लागतो. लहान मुलांना हें आधींच समजावून सांगावें. तरीहि थेंब सुरू झालाच, तर तेंच बोट त्या जागेपासून खालीं कडेपर्यंत कापडावरून ओढीत न्यावें. पाण्याला वाट मिळते आणि तें अंथरुणावर न पडतां त्या रेषेनें कडेला उतरतें.

तिसरा नियम दोरांचा. सुताचा किंवा अंबाडीचा पिळाचा दोर भिजला कीं जाड होतो, आणि जाड झाला कीं लांबीनें आखडतो. कापडहि त्याच वेळीं थोडें आकसतें. संध्याकाळीं तारेसारखे ताणून बांधलेले तणावे मध्यरात्रीच्या पावसांत आणखी ताणले जाऊन मेखा उपटतात किंवा कापड कोपऱ्याशीं फाडतात. म्हणून निजण्यापूर्वीं तणावे किंचित् सैल करावेत. हिंवाळ्यांत दंव पडतें तेव्हांहि हें विसरूं नये. नायलॉनच्या दोराचा स्वभाव याच्या उलट आहे. तो भिजल्यावर लांबतो, म्हणून त्याला पुन्हां ताणावें लागतें. आपल्या तंबूला कोणता दोर आहे, हें ज्याला ठाऊक नाहीं, त्यानें रात्रीं निर्धास्त निजूं नये.

आतां निवडीकडे वळावें. जाड सुती तंबू आज प्रत्येक बाजारांत मिळत नाहींत. परंतु शोधल्यास सांपडतात. तंबूच्या धंद्यांत कानपूरचें नांव पूर्वींपासून मोठें. तेथील कापडगिरण्यांनीं एके काळीं देशभर तंबू पुरविले आणि लष्करी तंबूहि तेथें होत आले आहेत. मोठ्या शहरांतून ताडपत्री व दोरखंड विकणारे व्यापारी मागणीप्रमाणें तंबू शिवून देतात किंवा कारखानदारांचा पत्ता सांगतात. सरकारी जुन्या सामानाच्या लिलावांतून आलेले तंबूहि विक्रीस असतात. एकदोन वेळांच राहावयाचें असेल, तर मंडपवाल्याकडून भाड्यानें आणणेंच उत्तम.

नवा तंबू घेतांना कापडाचा वजनदारपणा पाहावा. चौरस मीटरला सुमारें ३०० ते ४०० ग्रॅम वजनाचें घट्ट विणीचें कापड कुटुंबाच्या तंबूस योग्य. शिवणी दुहेरी, दुमडून घातलेल्या असाव्यात. दोर ओंवण्याचीं कडीं पितळेचीं असून त्यांच्याभोंवतीं जादा कापडाचें ठिगळ असावें. किती माणसांचा तंबू, हें विकणारा सांगतो तेव्हां त्यानें माणसें आगपेटींतल्या काड्यांप्रमाणें शेजारीं शेजारीं मांडलेलीं असतात. चौघांच्या कुटुंबानें सहा-आठ जणांचा तंबू घ्यावा. छतावर दुसरें छत असलेला, म्हणजे दुहेरी, तंबू मिळाला तर अधिक चांगला. दोन कापडांमधील हवेमुळें उन्हाचा ताप आंत कमी येतो, आणि वरच्या कापडांतून पाणी ठिबकलेंच तर तें खालच्यावर अडतें.

जुना तंबू घ्यावयाचा असेल तर आधीं तो नाकानें पाहावा. कुबट वास आला कीं बुरशीनें घर केलें असें समजावें. मग घड्यांच्या जागीं कापड दोन्ही आंगठ्यांमध्यें धरून जोरानें ताणावें. कागदासारखें ‘टर्र’ करून फाटलें तर तो तंबू फुकटहि घेऊं नये. निवळ काळे ठिपके असून कापड भक्कम असेल, तर तो दोष रूपाचा आहे, बळाचा नाहीं. आणि संपूर्ण उभारून पाहिल्याशिवाय कोणताहि तंबू घरीं आणूं नये; खांब, मेखा आणि तणावे मोजून घ्यावेत.

जागा निवडण्याचें शास्त्र जुन्या फरासांना जितकें अवगत होतें, तितकेंच तें आजहि उपयोगी आहे. ओढ्याचें कोरडें पात्र मऊ व सपाट दिसतें, परंतु दूरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचें पाणी तेथें न सांगतां येतें. मोठ्या झाडाची सावली मोहक खरी; पण पाऊस थांबल्यावरहि झाड तासभर गळत राहतें, पक्ष्यांची घाण व चीक कापड खराब करतात, आणि वाळलेली फांदी कोसळली तर जिवावरचा प्रसंग येतो. झाडापासून थोडें दूर, परंतु दुपारच्या सावलीच्या टप्प्यांत, किंचित् उतारावरची उंच जागा सर्वांत चांगली. तंबूचें दार वाऱ्याकडे नसावें. पूर्वीं तंबूभोंवतीं चर खणण्याची सार्वत्रिक चाल होती. परंतु त्यानें माळाची माती मोकळी होऊन धुपते, म्हणून आज जागा उंच निवडून चर टाळणेंच योग्य मानतात. वनखात्याच्या हद्दींत राहावयाचें तर परवानगी आधीं घ्यावी, हें वेगळें सांगावयास नको.

सह्याद्रीच्या पठारावरील कठीण मुरुमांत लांकडी मेख फुटते. तेथें लोखंडी मेखा हव्यात. कोंकणच्या वाळूंत मात्र कोणतीच मेख टिकत नाहीं. तेथें हातभर लांकडाच्या मध्यभागीं तणावा बांधून तें लांकूड आडवें, हातभर खोल पुरावें. मेख नेहमीं तंबूच्या उलट दिशेस कललेली ठोकावी, म्हणजे दोराचा ताण ती वर उपटूं शकत नाहीं. आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा पावसाळा हा कोणत्याहि कापडी घराचा ऋतु नव्हे. जेथें वर्षाला पांच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, अशा महाबळेश्वरासारख्या ठिकाणीं कापडाला वाळावयास दिवसच मिळत नाहीं. दसऱ्यानंतर शिमग्यापर्यंतचा काळ हाच तंबूचा खरा हंगाम.

या सुखांत एक मोठा धोका लपलेला आहे, आणि तो विसरल्यास बाकीचें सारें ज्ञान व्यर्थ होय. सुती कापड जळतें. आणि जलरोधक करण्यासाठीं त्यावर मेण चढविलें असेल तर तें मशालीसारखें जळतें. ६ जुलै १९४४ रोजीं अमेरिकेंतील हार्टफर्ड शहरीं एका सर्कशीच्या भव्य तंबूला खेळ चालू असतांना आग लागली. त्या तंबूला पॅराफिन मेण पेट्रोलमध्यें विरघळवून त्याचा लेप दिलेला होता. कांहीं मिनिटांत सारें छत जळत खालीं आलें आणि दीडशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत लहान मुलें पुष्कळ होतीं. म्हणून घरगुती तंबूला मेण व टर्पेंटाईन लावण्याचा जुना उपाय करूं नये. मेणानें आगीचें भय तर वाढतेंच, शिवाय कापडाचीं छिद्रें कायमचीं बुजून त्याचा श्वासहि बंद होतो. तुरटी आणि शिशाची साखर यांचा जुना पाठहि वर्ज्य समजावा, कारण शिसें हें विष आहे. बाजारांत मिळणारीं खास तंबूच्या कापडासाठीं केलेलीं जलरोधक व अग्निरोधक द्रव्यें वापरावीं.

याहून गुपचूप येणारा शत्रु म्हणजे कोळशाची शेगडी. थंडीच्या रात्रीं दार बंद करून शेगडी आंत घेण्याचा मोह अनेकांना होतो. कोरड्या कॅनव्हासमधून थोडी हवा खेळते हें खरें. परंतु पावसानें किंवा दंवानें कापड भिजलें कीं तीं छिद्रें बुजतात, आणि शेगडींतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु आंतच कोंडतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. निजलेला मनुष्य त्यामुळें जागा होत नाहीं, तो उठतच नाहीं. स्वयंपाक, शेगडी आणि शेकोटी यांची जागा तंबूच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि बरीच दूर. ऊब हवी असेल तर ती कांबळ्यांत शोधावी.

शेवटीं निगेचा प्रश्न. जी तहान तंबूला पावसांत तारते, तीच त्याला पेटींत मारते. कापसाचा तंतु हें बुरशीचें अन्न आहे. तिला हवें असतें फक्त पाणी आणि अंधार, आणि ओला तंबू गुंडाळून ठेवणारा मनुष्य या दोन्ही वस्तु तिला आयत्या पुरवतो. मुक्काम हलवितांना पाऊस चालू असेल तर ओला तंबू बांधण्यावांचून गत्यंतर नसतें; परंतु घरीं पोहोंचल्यावर त्याच दिवशीं, फार तर दुसऱ्या दिवशीं, तो दोरीवर पसरावा. वर हात लावून कोरडा वाटला म्हणून फसूं नये. शिवणी, कडा आणि तणाव्यांच्या गांठी सर्वांत शेवटीं वाळतात आणि कुजणें तेथूनच सुरू होतें. लष्करी तंबूंचा हिरवा रंग पुष्कळदां तांब्याच्या क्षारांच्या प्रक्रियेमुळें आलेला असतो. त्या प्रक्रियेनें बुरशी दूर राहते. परंतु तीहि ओल्या घडीला अभय देत नाहीं.

चिखल वाळल्यावर मऊ कुंचल्यानें झाडावा. डाग नुसत्या पाण्यानें पुसावा. साबण किंवा कपडे धुण्याची पूड लावूं नये, कारण तिच्या अंशानें पाणी कापडांतून सहज पलीकडे जाऊं लागतें आणि तंबू गळूं लागतो. घडी घालतांना प्रत्येक वेळीं जागा बदलावी, नाहींतर त्याच रेषेवर कापड झिजतें. मेखा व खांब वेगळ्या पिशवींत ठेवावेत. गंजलेली मेख कापडाला डागते आणि तेथेंच भोंक पाडते. ठेवावयाची जागा जमिनीपासून उंच, कोरडी, उंदीर व वाळवी यांपासून दूर असावी. श्रावणांत जेव्हां लख्ख ऊन पडतें, तेव्हां लोणच्या-पापडांबरोबर तंबूलाहि दोन तास गच्चीवर न्यावें.

एवढी दगदग कशासाठीं, असें कोणी म्हणेल. नायलॉनच्या तंबूंत रात्र काढलेल्या माणसाला याचें उत्तर पहांटे मिळतें. मनुष्य रात्रभरांत श्वासावाटे आणि घामावाटे पेलाभर तरी पाणी बाहेर टाकतो. तें ज्या छतांतून बाहेर जाऊं शकत नाहीं, त्याच्या आंतल्या अंगाला थेंब होऊन जमतें आणि तोंडावर पडतें. कोरडा कॅनव्हास तें पाणी शोषून बाहेरच्या वाऱ्याला देऊन टाकतो. त्याच्याखालीं जाग येते ती कोंदट ओलाव्यानें नव्हे, तर कापडांतून झिरपणाऱ्या मंद पिंवळ्या उजेडानें. जें घर पाणी पितें, श्वास घेतें, थकतें आणि ऊन मागतें, त्याची माणसासारखीच विचारपूस करावी लागते. ती जो करतो, त्याच्या नातवंडांना तीच राहुटी त्याच माळावर उभारतां येते.